पितळी पानाचं राज्य

एका राज्यात नदी नव्हती, ओढा नव्हता, आणि विहीर खणावी तर खारं पाणी लागायचं. सगळं राज्यच मुळी बेटांचं. लहानमोठी बेटं समुद्रात विखुरलेली, आणि त्यांवर माणसं नांदत होती ती एका झाडाच्या जिवावर. त्या झाडाचं नाव पाझरी. दुसऱ्या कुठल्याच मुलखात ते उगवत नसे. पाझरी रात्रभर हवेतला ओलावा पिऊन घ्यायची आणि पहाटे पानांच्या टोकांतून थेंब थेंब गोड पाणी गाळायची. बायका झाडाखाली घागरी मांडत, आणि सूर्य कासराभर वर येईतो त्या भरत. एका घराला एक पाझरी पुरे. राज्यात अशा दहा हजार पाझरी होत्या, आणि एकीचं पान दुसरीच्या पानावर ठेवलं तर केसाइतकाही फरक दिसत नसे.

हे आपोआप झालं नव्हतं. त्या लोकांना आपल्या झाडांचा अभिमान फार. राजवाड्याच्या अंगणात राजपाझरी उभी होती, सरळसोट, तुळतुळीत खोडाची. तिच्या पानावरून पितळी साचे ओतून घेतले होते. दरवर्षी निवडीचा सण यायचा. निवडकरी नावाचे राजसेवक हे साचे घेऊन बेटाबेटांवर फिरायचे आणि प्रत्येक नव्या रोपाचं पान साच्यात बसवून पाहायचे. बसलं तर रोपाला हळदकुंकू. नाही बसलं तर ढोल वाजवत उपटायचं, किनाऱ्यावर ढीग घालायचा आणि भरती आली की समुद्रात लोटायचं. फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे परक्या बेटावरची माशी शिवायला नको. धनेश पक्षी फळं खाऊन बिया इकडच्या तिकडे टाकतात, म्हणून त्यांना धुरी देऊन कधीच हाकलून दिलं होतं. आणि हे सगळं लोक हौसेनं करत, पोरंबाळं खांद्यावर घेऊन बघायला जात. मला तर सांगतानाही कसंसंच होतं.

अलीकडे काही वर्षं साच्यात न बसणारं एकही रोप सापडलं नव्हतं. लोक खूश होते. साच्यात बसणारंही सापडलं नव्हतं, पण तिकडे लक्ष कोण देतो? ढोल मात्र वाजत होते.

त्या राज्याचा राजा धवलकीर्ती. त्याला एकच मुलगी उरली होती, हेमकला. तीच पुढे राणी व्हायची होती. एके सकाळी ती अंगणात आली आणि तिला राजपाझरीच्या एका खालच्या पानावर काळा डाग दिसला, तिळाएवढा. दुपारपर्यंत जवळच्या बेटावरून होडी आली. होडीतला माणूस म्हणाला, "महाराज, आमच्या पाझरीवर डाग पडलाय. खालच्या फांदीवर, पूर्वेकडच्या पानावर." मग दुसरी होडी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत बंदरात होड्यांना जागा उरली नाही. प्रत्येक बेटावर, प्रत्येक झाडाच्या त्याच फांदीवर, त्याच पानावर, तोच डाग होता.

पण राजाला, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आधी बरंच वाटलं. तो म्हणाला, "पाहा, दुखण्यातसुद्धा आमची झाडं एकसारखी." दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी तो डाग तळहाताएवढा झाला, सगळीकडे. पान गळलं ते दहा हजार ठिकाणी एकाच वेळी गळलं. घागरी अर्ध्याच भरू लागल्या. हेमकला म्हणाली, "ही झाडं जाणार असतील तर आजच नवं बी पेरायला हवं." तिनं राजपाझरीचं पिकलं फळ तोडून चिरलं. बी होतं, वरचं टरफलही होतं, आत गर नव्हता. तिनं दुसरं चिरलं, मग टोपलीभर चिरली. एकूण एक बी पोकळ.

ती चिरलेल्या फळांची टोपली घेऊन राजाकडे गेली. राजानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"माझ्या वडिलांच्या अखेरच्या वर्षांपासून. आम्ही कोणाला सांगितलं नाही. लोक घाबरले असते."

हेमकलेच्या हातून टोपली पडली. आपल्या बापाला हे ठाऊक होतं, आणि तो दरवर्षी सणाला नवा अंगरखा घालून मिरवत होता, हे तिच्या डोक्यात शिरेना. पाणी संपलं की इथली माणसं एक तर तहानेनं मरतील, नाही तर होड्यांत बसून देशोधडीला लागतील. तिनं होडी काढली आणि ती थेट मांत्रिक त्रिशिखाकडे गेली.

त्रिशिख एका खडकावर राहायचा. सात पिढ्यांपूर्वी तो म्हातारा होता आणि आताही तेवढाच म्हातारा होता. त्याच्या दारातही एक पाझरी होती.

हेमकला म्हणाली, "आमच्या झाडांना शाप कोणी दिला?"

"शाप नाही. वर आहे," त्रिशिख म्हणाला. "तुझ्या मूळपुरुषानं इथे बसून मागितला, तीन दिवस उपाशी राहून. त्याला राज्यातलं प्रत्येक झाड राजपाझरीइतकंच चांगलं हवं होतं."

"मग?"

"दहा हजार झाडं तंतोतंत सारखी करणं माझ्याही विद्येत नाही. म्हणून मी त्याला एकच झाड दिलं, आणि ते दहा हजार ठिकाणी उभं केलं."

हेमकलेला काही उमगलं नाही. तेव्हा त्रिशिख उठला, दारातल्या पाझरीची एक डहाळी धरली आणि काडकन मोडली. समोरच्या बेटावर ओळीनं झाडं दिसत होती. त्या सगळ्यांची तीच डहाळी मोडून खाली पडली आणि तांबडा चीक वाहू लागला. झाडाखाली घागर लावून बसलेली एक बाई ओरडत घरात पळाली. लहानपणापासून हेमकला ज्याला रान म्हणत होती ते रान नव्हतंच. एकटं एक झाड, आरशांच्या महालात उभं केल्यासारखं.

"एकाच झाडाला आपल्याच फुलांतून किती पिढ्या बी धरायला लावाल?" त्रिशिख म्हणाला. "शेवटी गर संपतो. आणि दुखणं आलं तर त्याला एकच झाड मारायचं असतं."

मग त्रिशिखानं विचारलं, "तुमच्या घरात सून कुठून येते?"

"आत्याच्या घरातून."

"आणि आत्याला दिलेली कुठे?"

"आजीच्या भावाच्या घरात. आमच्याकडे बाहेरची मुलगी आणत नाहीत."

"भावंडं किती तुला?"

"माझ्यासकट सहा झाली. पाच पाळण्यातच गेली."

"त्याला कोणाचा शाप म्हणता?"

ती पाची नावं हेमकलेला पाठ होती, दरवर्षी त्यांच्या नावानं दिवे सोडले जात. आईनं नवस बोलून बोलून गुडघे फोडून घेतले होते. आणि हा म्हातारा ते असं सांगत होता की जणू हे कोणालाही दिसावं. तिला त्याचा राग आला, मग आपल्या सगळ्या घराण्याचा आला, आणि मग बराच वेळ ती नुसती रडली.

डोळे पुसून ती म्हणाली, "वर मोडायचा कसा?"

"राजपाझरीपासून न झालेल्या तीन पाझरींचे पराग आण. ते राजपाझरीच्या फुलाला लाव. फळ धरेल, बी भरेल, रोपं उगवतील. पण वर आहे तोवर ती मूळ धरणार नाहीत. साच्यात न बसणाऱ्या रोपाचं पाणी तुझ्या घराण्याचा राजा आपखुशीनं प्यायला, की वर मोडेल. वर मोडला की राजपाझरी जाईल, म्हणजे दहा हजारही जातील. नाही मोडला तरी चार दिवसांनी जातीलच."

"पण वेगळी झाडं आहेत कुठे? सगळी तर उपटून समुद्रात लोटली."

"समुद्र सगळंच बुडवत नाही. धनेशीला विचार."

धनेशी म्हणजे धनेश पक्ष्यांमधली सर्वांत म्हातारी मादी. उजाड कड्यावर ती एका ढोलीत बसली होती, चोच नांगराच्या फाळाएवढी. राजकन्येला पाहताच ती म्हणाली, "धूर आणलास का?"

"नाही. मदत मागायला आले."

"तुझ्या आजोबाच्या माणसांनी माझी अंडी ढोलीत भाजली. वास अजून जात नाही."

हेमकलेनं खाली पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हांला परत घरटी देते. सगळ्या बेटांवर."

"राजाला विचारलंस?"

"नाही."

"मग खरी आहेस," धनेशी म्हणाली, आणि तिनं पाठ पुढे केली.

समुद्रात लोटलेली रोपं वाहत जाऊन ज्या खडकांवर रुजली होती, तिथे ती हेमकलेला घेऊन गेली. पहिल्या खडकावर होती ती काटेरी पाझरी. तिच्या अंगावर बोटभर लांब काटे होते. फुलं काट्यांच्या आत. तिनं विचारलं, "कुठली तू?" हेमकलेनं खरं ते सांगितलं. पाझरी म्हणाली, "मला उपटलं तेव्हा मला काटे नव्हते. नंतर आले. घाल हात." हेमकलेनं हात घातला. बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत रक्त होतं आणि मुठीत पिवळे पराग. तिनं ते एका शिंपल्यात भरले.

दुसऱ्या खडकावर वाऱ्याचं राज्य होतं. तिथली पाझरी वीतभर उंचीची, जमिनीला चिकटून वाढलेली, आणि तिची फुलं पानांखाली मातीला टेकलेली. ती म्हणाली, "उभ्यानं मिळणार नाही." हेमकला गुडघ्यांवर बसली. "तेवढ्यानं नाही," पाझरी म्हणाली. तेव्हा सात पिढ्यांत ज्या घराण्यातल्या कोणी कोणापुढे मान तुकवली नव्हती, त्या घराण्याची मुलगी दगडधोंड्यांत पालथी पडली आणि नाक मातीला लावून तिनं पराग झाडून घेतले. एक खेकडा तिच्या केसांवरून चालत गेला.

तिसऱ्या खडकावर एकच पाझरी होती, उंच आणि दाट. मोहरानं नुसती लगडलेली. हेमकलेला वाटलं, हे काम सोपं. फांदी वाकवायला तिनं हात वर केला तर पाझरी म्हणाली, "थांब. तुझ्या शिंपल्यांत काय आहे?"

"पराग आहेत. दोन झाडांचे."

पाझरी मग म्हणाली, "मी इथे शंभर वर्षं आहे. दरवर्षी मला असा बहर येतो. एकदाही फळ धरलं नाही. एकटीला धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग कसा असतो ते मी पाहिलेलंसुद्धा नाही."

हेमकला तिच्याकडे पाहतच राहिली. राजवाड्यात दहा हजार झाडांमधलं एकटं झाड, आणि इथे हे. दोघांचं दुःख एकच. धनेशी खालच्या आवाजात म्हणाली, "सगळे दिलेस तर तुझं राज्य गेलं." हेमकलेनं दोन्ही शिंपल्यांत चिमूट चिमूट ठेवली आणि बाकी सगळे पराग बोटानं एकेका फुलाला लावले. काट्यांनी फाटलेला हात वर धरून धरून भरून आला. काम झालं तेव्हा पाझरीच्या पानांतून पाणी गळायला लागलं, भर दुपारी. ती रडली की पाझरली हे मला सांगता येणार नाही. हेमकलेनं ओंजळ धरून ते पाणी चाखून पाहिलं तर ते कडूजहर होतं. मग तिसऱ्या शिंपल्यात पाझरीनं आपले पराग आपणच झाडून दिले.

हेमकला परतली, राजपाझरीच्या एका फुलाची मलमल तिनं फाडली आणि तिन्ही पराग त्याला लावले. झाड एकच होतं ना? मग जे एका फुलाला लागलं ते दहा हजार झाडांवर लागलं. संध्याकाळपर्यंत राज्यभर फळं धरली. सकाळी ती पिकली. धनेशांचे थवेच्या थवे आले, फळं खाल्ली, बिया बेटाबेटांवर टाकल्या, आणि तिसऱ्या दिवशी रोपं वर आली. कोणाला काटे, कोणाचं पान गोल, कोणाचं चिरलेलं, कोणी भुईसरपट तर कोणी तिरकं. एकासारखं दुसरं नाही. हेमकला अंगणात राजाची वाट पाहत थांबली. तेवढ्यात तिला ढोल ऐकू आले.

एका बेटावरून नाही, सगळ्या बेटांवरून.

ती किनाऱ्याकडे धावली. मुख्य निवडकरी भानजी समोरून येत होता. किती वर्षांनी त्याला काम मिळालं होतं. चेहरा आनंदानं फुललेला, हातात पितळी साचा, नखांत माती.

"ताईसाहेब, अगदी वेळेवर आलात," तो म्हणाला. "रात्रीतून कुठून कोण जाणे, वाईट रोपांचं पेव फुटलं. आमची माणसं पहाटेपासून राबताहेत. बाकीची बेटं साफ झाली. एकही सुटलं नाही. आता वाड्याचं अंगण तेवढं राहिलं."

किनाऱ्यावर रोपांचा ढीग पडला होता, मुळं वर करून. पलीकडच्या बेटावरही ढीग दिसत होता, त्याच्या पलीकडेही. ओहोटी होती म्हणून तेवढे ढीग जागच्या जागी होते. भानजी वाईट माणूस नव्हता, हेच तर भयंकर होतं. बापानं शिकवलेलं काम तो मन लावून करत होता.

हेमकला म्हणाली, "भानजीकाका, अंगणात पाऊल टाकू नका."

"निवडीला कोणी अडवत नाही, ताईसाहेब. तुम्हीसुद्धा नाही." आणि तो चालू लागला.

अंगणात राजा उभा होता. राजपाझरी शेंड्यापर्यंत काळी पडली होती आणि तिच्या बुंध्याशी पाच-सहा रोपं उगवली होती. भानजीनं वाकून पहिल्या रोपाच्या पानाला साचा लावला. पान साच्याबाहेर आलं. त्यानं राजाकडे पाहिलं.

हेमकला राजाला म्हणाली, "महाराज, या झाडाची एक फांदी मोडा."

"राजपाझरीला कोणी हात लावत नाही."

तेव्हा तिनं स्वतःच ती मोडली, आणि राजाचा खांदा धरून त्याला समुद्राकडे वळवलं. समोरच्या टेकडीवरच्या प्रत्येक झाडाची फांदी तुटून लोंबत होती. धवलकीर्ती पाहत राहिला. त्यानं स्वतः हात पुढे करून दुसरी डहाळी मोडली, मग तिसरी. टेकडीवर दर वेळी तेच झालं. दहा हजार झाडांचा राजा होता तो, सकाळपर्यंत.

हेमकलेनं त्याला सगळं सांगितलं. वर कोणी मागितला, पाळणे का रिकामे झाले, आणि आता काय करायचं. काहीही मऊ करून सांगितलं नाही. राजा मध्ये एकदाच बोलला. "तुझ्या आईला हे माहीत होतं?"

"नाही. ती स्वतःलाच दोष देत गेली."

राजा मटकन खाली बसला. नेमकं समोर काटेरी रोप होतं, करंगळीएवढं, कोमेजू लागलेलं. त्याच्या पानाच्या टोकाला एक थेंब होता.

"हे प्यायलो तर राजपाझरी जाईल?"

"हो. आत्ताच."

"आणि ही रोपं सगळ्यांना पुरतील?"

"ठाऊक नाही. भानजीकाकांनी बहुतेक उपटलीत."

भानजीच्या हातातला साचा खाली आला. राजानं दोन्ही हात जमिनीवर टेकले, मान वाकवली आणि थेंब जिभेवर घेतला. काटा ओठात घुसला. तो म्हणाला, "कडू आहे." आणि पानावरचा उरलेला ओलावाही त्यानं चाटून घेतला.

त्याच क्षणी राजपाझरी कोसळली. तिच्याबरोबर दहा हजार झाडं कोसळली, पण आवाज मात्र एकच झाला. तो आवाज ज्यांनी ऐकला ते पुढे जन्मभर दार जोरात लागलं तरी दचकत. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. डोंगर बोडके, उतार बोडके, जिकडे पाहावं तिकडे उघडं आभाळ. आपण आजवर किती थोडक्यावर जगत होतो, हे त्या लोकांना तेव्हा प्रथमच डोळ्यांनी दिसलं.

आणि मग भरतीचं पाणी चढू लागलं.

सगळ्यांत आधी पळाला तो भानजी. म्हातारा माणूस, पण धोतराचा काचा मारून असा धावला की तरणे मागे पडले. ढिगाच्या कडेची रोपं लाटेवर तरंगायला लागली होती. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि छातीशी धरून धरून ती बाहेर आणू लागला. ढोलांवर त्यानं दुसराच ठोका वाजवायला लावला, संकटात बोलावण्याचा. तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ऐकू गेला आणि बेटाबेटांवर माणसं किनाऱ्याकडे धावली. सकाळी ज्यांनी उपटली त्यांनीच संध्याकाळपर्यंत लावली. राजा खड्डे खणत होता. हेमकला एका हातानं माती लोटत होती, दुसरा तिला वर होत नव्हता. पुष्कळ रोपं मेली. पुष्कळ समुद्रानं नेली. भानजी मेलेलं रोपही लावायचा आणि त्याच्यापाशी बसून राहायचा. त्याला उठवायला कोणी गेलं नाही.

पण वर मोडला होता. जी जगली त्यांनी मूळ धरलं, आणि अद्भुत झाडांना वाढायला वेळ लागत नाही. आठ दिवस लोकांनी वाटीवाटीनं पाणी वाटून घेतलं. काळा डाग पुन्हा आला. तो गोल पानांच्या काही झाडांवर पडला, काटेरी झाडांपाशी येऊन थांबला, आणि भुईसरपट झाडांना तर त्यानं हातही लावला नाही. वर मोडला त्याच दिवशी त्रिशिख आपल्या खडकावर मेला होता. त्याचं एवढं लांबलेलं म्हातारपण त्या वराला बांधलेलं होतं.

धवलकीर्तीनं राज्य हेमकलेला दिलं आणि तो रोपं राखायला गेला. हेमकलेनं लग्न परमुलखातून आलेल्या एका नावाड्याशी केलं. त्यावर आत्याच्या घरात चार दिवस चूल पेटली नाही. तिला चार मुलं झाली, चारही जगली, आणि नाकं चौघांची चार तऱ्हांची.

पुढे त्या राज्यात फक्त पाण्याच्या चवीवरून भांडणं होत. या बेटाचं तुरट, त्या बेटाचं आंबूस, तिसऱ्याचं कडसर, आणि जो तो आपलंच चांगलं म्हणून हमरीतुमरीवर येई. हेमकला राणी ती भांडणं ऐकायला मुद्दाम येऊन बसायची. अधूनमधून ती एखादं फळ चिरून पाहायची आणि आतला पांढरा गर दिसला की मगच उठायची. तिच्या बेटांवरच्या बियांत जसा गर भरला, तसा तुमच्याआमच्या बियांत भरो.